खुनाचा नकाशा आणि आमचा पत्ता

आमचा एक जुना शागीर्द शाळेत भेटायला आला. दहावीला चांगले गुण, पुढे आय.टी.आय., हाताला काम येते, बोलणे नम्र. एका खाजगी कंपनीत मुलाखतीला गेला होता. कागदपत्रे पाहून झाली, प्रश्नोत्तरे झाली आणि शेवटी समोरच्या साहेबांची नजर अर्जावरच्या पत्त्यावर गेली. "तिकडे मर्डर-बिर्डर फार होतात ना?" साहेब हसत हसत एवढेच म्हणाले. नंतर बोलावणे आले नाही. मुलगा तक्रार करायला आला नव्हता. तो फक्त एक गोष्ट विचारायला आला होता : "सर, आगे से मामू का पत्ता लिखूँ क्या?"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवतो. भूगोलाला आमची मुले जुगराफिया म्हणतात. मुलाचा प्रश्न या दोन्ही विषयांचा होता, आणि त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. 'तिकडे फार होतात' हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते ऐकून संतापलो, सभांमधून त्यावर टाळ्या घेतल्या, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. पण किती होतात, कुठे होतात आणि का होतात, हे कधी बसून पाहिले नाही. ज्याला शेकडेवारी शिकवण्याचा पगार मिळतो त्याने एवढेही करू नये, याची शरम वाटली. हा लेख त्या शरमेतून लिहिला आहे.

खून मोजण्याचे काम आपल्या देशात सरकारच करते. 'क्राइम इन इंडिया' हा वार्षिक अहवाल १९५३ सालापासूनचे आकडे देतो. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो स्थापन झाल्यापासून तो ब्युरोतर्फे निघतो. आम्ही २०२२ सालचा अहवाल घेऊन बसलो. त्या वर्षी देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांत सर्वांत जास्त उत्तर प्रदेशात, ३,४९१. वर्तमानपत्रांचे मथळे इथेच संपतात : 'खुनांत उत्तर प्रदेश पहिला!' मथळा खोटा नाही, पण सहावीच्या मुलालाही कळेल इतका अपुरा आहे. ज्या राज्यात सर्वांत जास्त माणसे राहतात तिथे खूनही जास्त, लग्नेही जास्त आणि शाळेत पहिले येणारेही जास्तच असणार! म्हणून एक लाख लोकसंख्येमागे किती, हे पाहावे लागते. तसे पाहिले की उत्तर प्रदेशाचा दर येतो १.५, आणि देशाचा सरासरी दर २.१. म्हणजे पहिल्या क्रमांकाचे राज्य सरासरीच्या खाली आहे. झारखंडात खून १,५५०, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या निम्म्याहूनही कमी. पण दर ४.०. आता पहिला कोण?

हे झाले भागाकाराचे. दुसरी गोष्ट नोंदीची, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. नोंदलेल्या एकूण गुन्ह्यांचा दर पाहिला तर केरळ वर्षानुवर्षे अगदी वरच्या राज्यांत दिसते. तेवढे पाहून केरळ म्हणजे गुंडांचे राज्य असे कुणी म्हणेल. पण तिथे माणूस पोलीस ठाण्यात जातो, त्याची फिर्याद लिहून घेतली जाते आणि तपासही होतो. २०२२ मध्ये तपास पुरा झालेल्या प्रकरणांपैकी ९६ टक्के प्रकरणांत केरळ पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले. जिथे फिर्यादी दारातूनच परत पाठवला जातो, तिथला आकडा आपोआप 'सुधारतो'. गुन्हे वाढणे आणि नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा इशारा ब्युरोने आपल्या अहवालातच दिलेला आहे. तो वाचण्याची तसदी आमचे टीकाकार घेत नाहीत, आणि आम्हीही घेत नाही.

म्हणून दोन प्रदेशांची तुलना करायची तर चोरीवरून किंवा मारहाणीवरून करू नये, खुनावरून करावी. चोरीची तक्रार न करता माणूस घरी बसतो. मार खाल्लेला गप्प राहतो. पण प्रेत सहसा लपत नाही. कलम ३०२ असो की २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतले कलम १०३ असो, खुनाची नोंद टाळणे पोलिसांनाही जड जाते. जगभर हिंसेचा अंदाज घेणारे अभ्यासक खुनाच्याच दरावर सर्वांत जास्त विसंबतात ते यामुळे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 'तिकडे फार होतात' या वाक्यातले 'तिकडे' म्हणजे कुठे, हे आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. जिथे आमची वस्ती, तिथे खून, असे ते समीकरण आहे. समीकरण असेल तर ते तपासता येते. आम्ही एका बाजूला २०११ च्या जनगणनेतली मुसलमानांची टक्केवारी लिहिली, दुसऱ्या बाजूला २०२२ सालचा खुनाचा दर.

हरियाणात मुसलमान ७ टक्के, खुनाचा दर ३.४. छत्तीसगडात मुसलमान जेमतेम २ टक्के, दर तोच ३.४. ओडिशात २.२ टक्के, दर ३.०. केरळात मुसलमान २६.६ टक्के, दर ०.९. पश्चिम बंगालात २७ टक्के, दर १.७. उत्तर प्रदेशात १९.३ टक्के, दर १.५. आपल्या महाराष्ट्रात ११.५ टक्के, दर १.८.

हा तक्ता पाहून आमच्या मनात काय आले ते लपवत नाही. वाटले, चला, उद्याच्या सभेत हा कागद फडकवू! 'मुसलमान जास्त तिथे खून कमी' असे ठणकावून सांगू! पण तक्ता अजून पुरा झाला नव्हता. आसामात मुसलमान ३४.२ टक्के आहेत, आणि तिथला दर ३.० आहे. झारखंडात ते १४.५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीइतके; आणि दर सगळ्यांत वरचा. आसाम आणि झारखंड गाळून उरलेला तक्ता फडकवला असता तर आम्ही आमच्या विरोधकांपेक्षा तसूभरही वेगळे ठरलो नसतो. त्यांनी आपल्याला हवे तेवढे पाहिले, आम्ही आम्हाला हवे तेवढे पाहिले असते, इतकेच. आम्ही वर्गात मुलांना सांगतो की, उदाहरणात एक संख्या गाळली की उत्तर बरोबर आले तरी गुण मिळत नाहीत. तोच नियम आम्हालाही लागू आहे.

पुरा तक्ता एकच गोष्ट सांगतो. धर्माची टक्केवारी आणि खुनाचा दर यांचे एकमेकांशी काही देणेघेणे दिसत नाही. कुठे दोन्ही जास्त, कुठे दोन्ही कमी, कुठे एक जास्त आणि दुसरे कमी. धर्म ही या कुलपाची किल्लीच नाही.

मग किल्ली कोणती? त्याच अहवालात खुनांची कारणेही दिलेली आहेत. २०२२ मध्ये ९,९६२ खून कुठल्या ना कुठल्या वादातून झाले. जमिनीचा वाद, पैशाचा वाद, घरातला वाद. ३,७६१ खून वैयक्तिक वैरातून झाले, १,८८४ लाभासाठी. म्हणजे ज्या देशात आपण 'गुंड', 'टोळी', 'अतिरेकी' हे शब्द ऐकून घाबरतो, तिथे माणूस बहुधा बांधावरून, वाटणीवरून, उधारीवरून मारला जातो, आणि मारणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो. म्हणून प्रदेशाप्रदेशांत फरक का पडतो, याचे उत्तर शोधायचे तर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. तिथे जमीन कुणाच्या नावावर आहे? वादाचा निकाल कोर्टात किती वर्षांनी लागतो? पोलीस कुणाचे ऐकतात? हाताला काम आहे का? हत्यार किती सहज मिळते? दारू आणि नशा किती? मुलगा सोळाव्या वर्षी वर्गात बसलेला असतो की नाक्यावर?

हे आम्ही पुस्तकी बोलत नाही. याच देशात एका मुसलमान समाजावर हा प्रयोग जणू दीडशे वर्षे चालला होता, आणि त्याचा निकाल हाती आहे. तो समाज म्हणजे मलबारचे मोपला. मराठी वाचकाला 'मोपला' म्हटले की पुढे 'बंड' हाच शब्द आठवतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आपल्याला कुणी शिकवले नाही.

१७९२ मध्ये मलबार इंग्रजांच्या ताब्यात आला. तिथे जमिनीवर जन्मी नावाचे जमीनदार, त्यांच्याखाली वेगवेगळ्या हक्कांची कुळे, अशी जुनी गुंतागुंतीची रचना होती. उत्पन्नात प्रत्येकाचा रिवाजाने ठरलेला वाटा असे. इंग्रजांनी आपल्या कायद्याच्या चष्म्यातून पाहिले आणि जन्मीला जमिनीचा पुरा मालक ठरवले. आता त्याला कोर्टात जाऊन कुळाला हुसकावता येऊ लागले. दक्षिण मलबारच्या एरनाड आणि वळ्ळुवनाड या आतल्या तालुक्यांत कुळे पुष्कळशी मोपला, आणि जन्मी बहुतेक नंबुद्री किंवा नायर. १८३६ पासून तिथे एकामागून एक हल्ले सुरू झाले. मोपल्यांची लहानशी टोळी एखाद्या जन्मीला ठार करी आणि मग सरकारी फौजेशी लढत मरण पत्करी. १८५५ मध्ये तर मलबारचा कलेक्टर कॉनोली याचाच खून झाला.

सरकारने कारण शोधायला माणूस नेमला. १८५२ मध्ये स्ट्रेंज नावाच्या अधिकाऱ्याने निदान केले की जमिनीचा काही प्रश्न नाही, हे सगळे धर्मवेड आहे. त्या निदानावर १८५४ मध्ये 'मोपला आउटरेजेस' नावाचा कायदा आला. गुन्हा एकाने केला तरी दंड त्या भागातल्या साऱ्या मोपल्यांना! पत्ता हाच पुरावा. आमच्या शागीर्दाची मुलाखत घेणाऱ्या साहेबांचे तर्कशास्त्र इतके जुने आहे.

कायद्याने हल्ले थांबले का? थांबले नाहीत. म्हणून १८८१ मध्ये पुन्हा चौकशी झाली. या वेळी विल्यम लोगन हा अधिकारी होता, ज्याचे 'मलबार मॅन्युअल' आजही अभ्यासक वापरतात. तो गावोगाव फिरला, कुळांचे ऐकून घेतले, आणि त्याने सांगितले की मूळ दुखणे जमिनीत आहे, हुसकावण्यात आहे. नीट पाहा : जिल्हा तोच, माणसे तीच, मशिदी त्याच. एका अधिकाऱ्याने धर्म पाहिला, दुसऱ्याने सातबारा पाहिला. आणि लोगनच्या बाजूने एक असा पुरावा होता जो कुणालाही खोडता येण्यासारखा नव्हता. हे हल्ले प्रामुख्याने त्या आतल्या तालुक्यांतच होत होते. किनाऱ्यावरचे, व्यापार करणारे मोपला त्याच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढत होते. त्यांच्यात हे लोण नव्हते. रोग धर्माचा असता तर किनाऱ्यावर का नव्हता?

लोगनचे पुरते कुणी ऐकले नाही. १८८७ मध्ये कुळांनी केलेल्या सुधारणांची भरपाई देणारा एक कायदा झाला, पण हुसकावणे चालूच राहिले. १९२१ मध्ये खिलाफत आणि असहकाराच्या वाऱ्यात एरनाड, वळ्ळुवनाड पेटले. त्यात निरपराध हिंदूंच्या हत्या झाल्या, सक्तीची धर्मांतरे झाली. हे आम्ही नाकारत नाही. नाकारले तर आसाम गाळण्यासारखेच होईल. आणि बंड चिरडताना तिरूरहून निघालेल्या बंद वॅगनमध्ये सत्तरच्या आसपास कैदी गुदमरून मेले, हेही विसरत नाही.

यानंतरचे पान मराठीत क्वचितच उघडले जाते. स्वातंत्र्यानंतर १६ जून १९६९ रोजी याच जुन्या एरनाड-वळ्ळुवनाडच्या मुलखात मलप्पुरम जिल्हा झाला. तेव्हा 'छोटा पाकिस्तान' म्हणून ओरड झाली होती. १ जानेवारी १९७० पासून केरळात जमीनसुधारणेचा कायदा खऱ्या अर्थाने अमलात आला आणि जन्मीची सत्ता संपली. कुळ मालक झाले. १९६८ मध्येच त्या भागात कालिकत विद्यापीठ सुरू झाले होते. सत्तरच्या दशकात आखाताची वाट खुली झाली, घराघरात परदेशातून पैसा येऊ लागला. १८ एप्रिल १९९१ रोजी केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा कोळिकोडला झाली. ती घोषणा करायला मंत्री नव्हे, उतारवयात अक्षर शिकलेली चेलक्कोडन आयिशा ही मलप्पुरमची मोपला बाई उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत मलप्पुरममध्ये मुसलमान ७० टक्के आणि साक्षरता ९३ टक्क्यांच्या वर. ज्या मातीला इंग्रजांनी जन्मजात खुनशी ठरवून खास कायदा केला, ती आज अशा राज्याचा भाग आहे जिथे खुनाचा दर देशाच्या निम्म्याहूनही कमी आहे.

मोपल्यांनी धर्म बदलला का? नाही. नमाज सोडली का? नाही. बदलले ते जमिनीचे कागद, शाळेचा पट आणि हाताचे काम. केरळ म्हणजे स्वर्ग असे आम्ही म्हणत नाही. कण्णूरच्या राजकीय खुनांनी अनेक घरे उजाड केली आहेत, आणि तिथला आत्महत्यांचा दर देशाच्या दुपटीहून जास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की, हिंसा रक्तात नसते. रक्तात असती तर शंभर वर्षांत गेली नसती.

पण बदनामी मात्र रक्तात असल्यासारखी टिकते. २७ मे २०२० रोजी केरळात स्फोटके भरलेले फळ खाऊन जखमी झालेली एक गाभण हत्तीण नदीत उभी राहून मेली. दगडालाही पाझर फुटावा अशी ती घटना. घटना पलक्कड जिल्ह्यातली होती. पण दूरदर्शन वाहिन्यांवर आणि जबाबदार लोकप्रतिनिधींच्या तोंडी नाव आले मलप्पुरमचे, आणि तो जिल्हाच गुन्हेगारीसाठी प्रसिद्ध असल्याचे देशाला सांगितले गेले. जुगराफियाची एवढी मोठी चूक आमच्या सहावीतल्या मुलाने केली असती तर आम्ही त्याला नकाशा दहा वेळा काढायला लावला असता.

त्यानंतर जेमतेम दहा आठवड्यांनी, ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री, मुसळधार पावसात दुबईहून आलेले विमान करिपूरच्या धावपट्टीवरून घसरून दरीत कोसळले. विमानात १९० माणसे होती. करिपूर मलप्पुरम जिल्ह्यात आहे. करोनाचा काळ होता, माणसाने माणसाला हात लावायची भीती होती, आणि तो भाग त्या वेळी निर्बंधित होता. तरी आसपासच्या गावांतले लोक धावत आले. हाताने पत्रे दूर करून त्यांनी माणसे काढली, आपल्या गाड्यांतून इस्पितळात नेली, आणि रक्त द्यायला मध्यरात्री रांगा लावल्या. या अपघातात २१ जण गेले. विमानाचे कप्तान दीपक साठे हे आपल्या नागपूरचे, तेही गेले. महाराष्ट्राने त्यांच्यासाठी अश्रू ढाळले, ते योग्यच होते. पण त्या रात्री त्यांच्या विमानातल्या प्रवाशांना उचलणारे हात कुठल्या जिल्ह्याचे होते, हे किती जणांनी विचारले? दहा आठवड्यांपूर्वी जिल्ह्याचे नाव सर्वांना पाठ होते!

इथपर्यंत वाचून आमच्या बांधवांना बरे वाटले असेल. आता थोडे कडू ऐकावे लागेल.

पहिला आक्षेप तुरुंगाचा. 'खुनाचे राहू द्या, तुरुंगात तुमची माणसे जास्त का?' असे विचारतात. हे खरे आहे. देशाच्या लोकसंख्येत आम्ही १४.२ टक्के आणि २०२२ मध्ये कच्च्या कैद्यांत सुमारे १९ टक्के. पण त्याच वर्षीच्या आकड्यांत दिसते की तुरुंगातल्या शंभरांपैकी सुमारे ७६ जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे. दलित आणि आदिवासीही तिथे आपल्या प्रमाणाहून जास्तच आहेत. तुरुंगाचा आकडा गुन्हे कोण करतो हे जितके सांगतो, त्याहून जास्त जामीन कुणाला मिळत नाही आणि वकील कुणाला परवडत नाही हे सांगतो. हे उत्तर खरे आहे. पण ते देऊन आम्ही मोकळे होतो, हा आमचा दोष आहे. लग्नाच्या मंडपावर लाखो रुपये उधळणाऱ्या आमच्या शहरांतल्या किती जमातींनी गरीब कच्च्या कैद्यांसाठी एक वकील पगारावर ठेवला आहे?

दुसरी गोष्ट. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो आपल्या मुलखातही आला. पारधी, कैकाडी जन्मतःच चोर ठरले, सोलापूरला तारेच्या कुंपणात कोंडले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते कायद्याने 'विमुक्त' झाले. आमच्या मनात झाले का? मोहल्ल्यात मोबाईल चोरीला गेला की आमचीच तोंडे कुठल्या पालांकडे वळतात? भाड्याने खोली मागायला आलेल्या परप्रांतीय मजुराला 'यूपी-बिहारवाले गुन्हेगार असतात' म्हणून कोण परत पाठवते? बिहारचा दर २.३ आहे, देशाच्या सरासरीच्या जवळच, हे वाचून तरी आम्ही खोली देणार का? जे माप आपल्याला टोचते तेच दुसऱ्याला लावताना आपला हात कापत नाही. पत्त्यावरून माणूस ओळखण्याचा रोग एकाच बाजूला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कडू. केरळचा नोंदलेल्या गुन्ह्यांचा आकडा मोठा दिसतो, कारण तिथली बाई ठाण्यात जाते. आमच्या वस्तीत नवऱ्याचा मार खाल्लेली बाई ठाण्याच्या वाटेला लागली की तिला परत कोण फिरवते? पोलीस नंतर, आधी आमचेच चार बुजुर्ग. 'बेटी, घर की बात घर में रहने दे, मोहल्ले की बदनामी होती.' मग कागदावर मोहल्ला साफ राहतो आणि बाईच्या पाठीवरचे वळ तसेच राहतात. नोंद न झालेला गुन्हा म्हणजे न झालेला गुन्हा नव्हे. बदनामीच्या भीतीने जो समाज आपल्या फिर्यादी दाबतो, त्याला दुसऱ्याच्या खोट्या आकड्यांवर बोलण्याचा हक्क निम्माच उरतो. आणि ज्या नशेच्या गोळ्यांना आमची मुले 'बटन' म्हणतात, त्या कोणत्या टपरीवर मिळतात हे सगळ्या गल्लीला माहीत असते. चौकीत जाऊन सांगणारा एक निघत नाही. त्याच गोळ्या खाऊन, उधारीच्या दोनशे रुपयांवरून, एक मुलगा दुसऱ्याच्या पोटात चाकू खुपसतो, आणि आम्ही दोन्हीकडच्या आयांना सबुरी सांगायला जातो. खुनाविषयी आमच्या दीनचा हुकूम काय आहे हे जुम्म्याच्या बयानात ऐकतो. त्या टपरीविषयी कधी ऐकलेले नाही.

मलबारने दाखवलेला रस्ता आमच्यासमोर आहे. तो आरडाओरडीचा नाही आणि माफी मागण्याचाही नाही. नववी-दहावीत शाळा सोडणारी मुले थांबवायची. वाटणीचे, घराच्या जागेचे कागद वेळेवर करून घ्यायचे, म्हणजे भावाभावांत सुरे निघणार नाहीत. मार खाल्लेल्या बाईबरोबर ठाण्यात दोन शिकलेल्या बायांनी जायचे. गरिबाच्या जामिनासाठी जमातीचा पैसा लावायचा. आणि सरकारकडे मागायचे ते दयेने नव्हे, हिशेबाने : आमच्या वस्तीत इतकी मुले, इतक्या शाळा, इतके लोक, इतके पोलीस, त्यातले किती आमची भाषा समजणारे? ज्याच्या हातात पुरा तक्ता आहे त्याला आवाज चढवावा लागत नाही.

साहेबांनाही एक विनंती आहे. आपण मोठ्या खुर्चीवर बसता, आपल्या एका हसण्याने एका घराची चूल ठरते. पत्ता पाहून माणूस नाकारण्याआधी एकदा भागाकार करून पाहा. वर्षाला लाख माणसांत देशात दोन खून होतात. उरलेल्यांचा गुन्हा काय?

त्या मुलाला आम्ही काय उत्तर दिले ते सांगायचे राहिले. 'पत्ता बदलू नकोस' असे आम्ही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, दो जगा तो मामू का लिख चुका." आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. आमची नोकरी पक्की आहे, त्याची अजून लागायची आहे. शूरपणाचे सल्ले पगारदाराने फार देऊ नयेत.

पण त्याच्या पाठच्या मुलांसाठी आम्ही एक काम सुरू केले आहे. शेकडेवारी आणि सरासरीचा धडा आला की नववीची मुले राज्यांचा तक्ता स्वतः करतात. भागाकार स्वतः करतात, रंग भरून नकाशा स्वतः काढतात. आसाम गाळायचा नाही, झारखंड गाळायचे नाही, असा नियम आहे. नकाशा पुरा झाला की मागच्या बाकावरचा एखादा तरी विचारतो, "सर, इस में अपना मोहल्ला किधर है?" आम्ही त्याला सांगतो, महाराष्ट्रात आहे, देशाच्या सरासरीखालच्या रंगात. वहीवर नाव लिही, आणि खाली पत्ता लिही. पुरा लिही.